कोटेशन आमचे, काम दुसऱ्याचे : जाहिरात क्षेत्रातील वाचकांचे प्रश्न

जाहिरात संस्थेत कोणाला नोकरी मिळते आणि संस्था आपली बाहेरची कामे कोणाकडून करून घेते, या विषयावर अलीकडे आलेल्या पत्रांतून चार पत्रे येथे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या जाहिरात संस्थेत मनुष्यबळ विभाग सांभाळते. करार नूतनीकरणाच्या कागदांबरोबर आमच्या सर्वांत मोठ्या क्लायंटने एक तक्ता पाठवला आहे. त्यात कर्मचाऱ्यांची स्त्री-पुरुष आणि सामाजिक गटांनुसार वर्गवारी विचारली आहे, शिवाय आमच्या पुरवठादारांपैकी स्त्रियांच्या किंवा अल्पसंख्य गटांतील व्यक्तींच्या मालकीचे किती, हेही विचारले आहे. आमच्या पुरवठादारांशी क्लायंटचा काय संबंध? आणि हा तक्ता प्रामाणिकपणे कसा भरावा?

उत्तर : संबंध पैशाचा आहे. क्लायंटच्या जाहिरात खर्चात संस्थेचे स्वतःचे मानधन हा लहानसा भाग असतो. बाकीची रक्कम माध्यमांतील जागा आणि वेळ, चित्रीकरण, संकलन, संगीत, छपाई, संशोधन अशा वाटांनी बाहेर जाते. पुरवठादार संस्था निवडते, पण पैसा क्लायंटचा असतो. खरेदी विभागाच्या भाषेत हा दुसऱ्या टप्प्यातील खर्च, आणि त्याचा हिशेब मागण्याचा क्लायंटला अधिकार आहे.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. १९६९ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी एक सरकारी कार्यालय स्थापन केले. १९७२ मध्ये अशा उद्योगांची मोठ्या कंपन्यांशी गाठ घालून देणारी राष्ट्रीय परिषद उभी राहिली. १९७८ च्या कायद्यानुसार, सरकारी कामे घेणाऱ्या मोठ्या कंत्राटदारांना आपल्या हाताखालच्या कामांपैकी किती कामे लहान आणि वंचित गटांच्या उद्योगांना देणार, याची योजना सादर करणे भाग पडले. सरकारने कंत्राटदाराला विचारले, कंत्राटदाराने आपल्या पुरवठादारांना विचारले आणि ही विचारणा यथावकाश जाहिरात संस्थांपर्यंत पोहोचली. स्त्रियांच्या उद्योगांना प्रमाणपत्र देणारी तेथील संस्था १९९७ मधील आहे. या प्रमाणपत्रांची मुख्य अट बहुतेक ठिकाणी सारखीच आढळते : किमान ५१ टक्के मालकी त्या गटातील व्यक्तीची हवी, आणि रोजचा कारभार व अंतिम निर्णयही तिच्याच हाती हवेत. कागदावर पत्नीचे नाव आणि सही पतीची, अशी व्यवस्था या व्याख्येत बसत नाही.

तक्ता भरताना सर्वांत मोठी फसगत छेदात होते. माध्यमखरेदीचा बहुतांश पैसा मोजक्या मोठ्या वाहिन्यांकडे आणि डिजिटल मंचांकडे जातो. तो एकूण खर्चात धरला तर वैविध्याची टक्केवारी नगण्य दिसते, वगळला तर एकदम भरघोस दिसते. दोन्ही आकडे द्यावेत आणि कोणत्या आकड्यात काय धरले आहे ते त्याच ओळीत लिहावे. माध्यमांच्या बाबतीत आणखी एक भेद पाळावा. एखाद्या समाजासाठी चालवलेली वाहिनी आणि त्या समाजातील व्यक्तीच्या मालकीची वाहिनी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला दिलेला पैसा दुसरीच्या रकान्यात घालू नये.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत एकूण संख्या फारसे काही सांगत नाही. समजा, १०० जणांच्या संस्थेत ५० स्त्रिया आहेत. त्या मनुष्यबळ, लेखा आणि क्लायंट सांभाळणाऱ्या विभागांत असतील आणि क्रिएटिव्ह डायरेक्टरांत एकही नसेल, तर जाहिरातीत काय दिसेल हे ठरवण्याच्या जागी त्या नाहीतच. अमेरिकेत २०१२ मध्ये याच मुद्द्यावर सुरू झालेल्या परिषदेला 'तीन टक्के' हेच नाव मिळाले होते, कारण तेथील क्रिएटिव्ह डायरेक्टरांत स्त्रिया अवघ्या तीन टक्के असल्याचे सांगितले जात होते. २०१६ मध्ये जनरल मिल्स या खाद्यपदार्थ कंपनीने नव्या संस्थेचा शोध घेताना क्रिएटिव्ह विभागात किमान ५० टक्के स्त्रिया आणि २० टक्के गौरेतर कर्मचारी असावेत, अशी अपेक्षा ठेवली. तिने विभागाचे नाव घेतले, यात मला समज दिसते. म्हणून आपली वर्गवारी विभागवार आणि पदवार करावी, आणि त्याच पानावर वर्षभरात कोण रुजू झाले, कोणाला बढती मिळाली आणि कोण सोडून गेले हेही द्यावे. सोडून गेलेल्यांचा रकाना बहुधा सर्वांत बोलका असतो.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. कोणाचाही गट आडनावावरून, रूपावरून किंवा बोलण्यावरून ठरवू नये. माहिती ज्याची त्याने स्वेच्छेने द्यावी, 'सांगायचे नाही' हा पर्याय असावा, आणि एखाद्या विभागात त्या गटातील एक-दोनच व्यक्ती असतील तर तो आकडा स्वतंत्र न दाखवता मोठ्या गटात मिसळावा. अन्यथा नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो.

प्रश्न : मी आणि माझी सहकारी मिळून एक छोटे प्रॉडक्शन हाउस चालवतो. एका मोठ्या संस्थेच्या पुरवठादार वैविध्य कार्यक्रमात आमची नोंद झाल्यापासून आम्हाला सतत कोटेशनसाठी बोलावणे येते. दर वेळी आम्ही सविस्तर ट्रीटमेंट (जाहिरातपट कसा चित्रित करू याचा लेखी आराखडा), संदर्भचित्रे आणि अंदाजपत्रक देतो. काम दर वेळी दुसऱ्यालाच मिळते. आमचे चुकते कुठे?

उत्तर : आपल्या कामात दोष आहे असा निष्कर्ष आपण लगेच काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपण वर्णन केलेला प्रकार या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे आणि त्याविषयी उघडपणे फार कमी बोलले जाते.

जाहिरातपटासाठी सामान्यतः तीन कोटेशने मागवली जातात. पुष्कळदा त्यांतील एक नाव संस्थेच्या मनात आधीच ठरलेले असते; उरलेली दोन कोटेशने क्लायंटच्या खरेदी विभागाला फाइलमध्ये तीन कागद दिसावेत म्हणून असतात. तीन नावांत एक नाव वैविध्याच्या यादीतून आलेच पाहिजे, असा नियम झाला की तिसऱ्या कागदाची जागा आपल्यासारख्यांना मिळते. मग संस्थेच्या अहवालात 'बोलावलेले पुरवठादार' हा आकडा वाढतो आणि आपल्या खात्यात एक रुपयाही येत नाही. उलट खर्चच होतो, कारण ट्रीटमेंट फुकट लिहावी लागते : दिग्दर्शकाचे दिवस, संदर्भचित्रे शोधणाऱ्याचे पैसे, कधी स्थळ पाहून येण्याचा खर्च. मोठे प्रॉडक्शन हाउस हे हरलेल्या कोटेशनांचे ओझे जिंकलेल्या कामांवर टाकते. लहानाकडे ते टाकायला जागाच नसते.

२०१६ मध्ये दिग्दर्शिका अल्मा हारेल यांनी सुरू केलेल्या मोहिमेची मागणी होती की प्रत्येक जाहिरातपटाच्या तीन प्रस्तावांत किमान एक प्रस्ताव स्त्री दिग्दर्शकाचा असावा. तो दरवाजा उघडणे अत्यंत आवश्यक होते. ज्यांना कोणी बोलावतच नव्हते त्यांची नावे त्यामुळे टेबलावर आली. पण बोलावणे आणि काम देणे यांतले अंतर संस्थांनी स्वतःहून कमी करायचे असते, आणि ते झाले की नाही हे कळण्यासाठी मोजायचे असते. कोणत्याही संस्थेने वैविध्याचा अहवाल दाखवला तर त्यात तीन आकडे शेजारी शेजारी असावेत : बोलावलेले, निवडलेले आणि प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम. पहिलाच आकडा छापणाऱ्या अहवालावर मी विश्वास ठेवत नाही.

संस्थेच्या प्रोड्युसरची बाजूही सांगितली पाहिजे, कारण निर्णय त्याच्याच हातून होतो. चित्रीकरणाचा दिवस एकदाच येतो. कलाकाराची तारीख, स्थळाची परवानगी आणि क्लायंटची उपस्थिती जुळून आलेली असते. त्या दिवशी कॅमेरा बंद पडला किंवा दिग्दर्शकाला वेळ पुरला नाही तर दुसरी संधी नसते आणि दोष प्रोड्युसरच्या नावावर लागतो. म्हणून तो आपल्या फोनमधल्या जुन्या नावांकडेच वळतो. ही वृत्ती द्वेषातून येत नाही, भीतीतून येते. पण तिचा परिणाम द्वेषाइतकाच बंदिस्त असतो. या भीतीवर उपाय म्हणजे लहान जोखमीची कामे आधी देणे : मुख्य जाहिरातपटातून काढायच्या छोट्या आवृत्त्या, उत्पादनाची चित्रे, डिजिटल माध्यमांसाठीचे तुकडे. नवीन पुरवठादाराला पहिलेच काम सर्वांत मोठे देऊन त्याची परीक्षा पाहणारी संस्था त्याला अपयशी ठरवण्याची सोय करत असते.

आता आपण काय करावे. पुढचे बोलावणे आले की ट्रीटमेंटला हात घालण्यापूर्वी फोन करून विचारावे : एकूण किती जणांना बोलावले आहे, अंदाजपत्रकाची मर्यादा काय आहे, संस्थेने क्लायंटकडे कोणा दिग्दर्शकाची शिफारस आधीच केली आहे का, आणि सर्वांना सारखेच दिवस दिले आहेत का. शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नये. एकाला आठवडा आणि दुसऱ्याला दोन दिवस मिळाले असतील तर निकाल ठरलेला असतो. उत्तरे मोघम आली तर दोन पानांचे पत्र आणि अंदाजपत्रक पाठवावे, पूर्ण ट्रीटमेंटसाठी मानधन मागावे. हे मागणे उद्धटपणाचे नाही. काम गेल्यावर निवड कोणत्या कारणाने झाली, किमतीमुळे की कल्पनेमुळे, हे लेखी विचारावे. वैविध्याचा कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेने हे उत्तर देणे लागते.

समजा, उद्या काम मिळाले. तेव्हा करारातील पैशाच्या अटी मन लावून वाचाव्यात, कारण माझ्या मते लहान पुरवठादारांना बाहेर ठेवणारी खरी भिंत तिथे आहे. बिल दिल्यापासून ६०, ९० किंवा १२० दिवसांनी पैसे, अशा अटी मोठे क्लायंट घालतात, आणि अनेक संस्था आपल्या करारात 'क्लायंटकडून रक्कम आल्यावरच पुरवठादाराला देऊ' असे कलम ठेवतात. दुसरीकडे प्रकाशयोजनेचे भाडे, तंत्रज्ञांचे मानधन, जेवण आणि वाहतूक हे सारे त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात चुकवावे लागते. मधल्या काळात त्या जाहिरातीला कर्ज कोण देते? सर्वांत लहान पुरवठादार. ज्याच्यामागे पिढीजात भांडवल किंवा बँकेची पत नाही, त्याला काम मिळूनही ते परवडत नाही, आणि नेमके असेच उद्योग वैविध्याच्या यादीत असतात. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार दोन उद्योगांमधील देणे सामान्यतः ६० दिवसांत द्यायचे असते. दोन्ही पक्षांनी स्पष्टपणे मान्य केले असेल आणि ते पुरवठादारावर ढोबळ अन्याय करणारे नसेल, तरच मुदत वाढवता येते. असा कायदा जिथे नाही तिथेही संस्था स्वतःचा नियम करू शकते : लहान पुरवठादाराला चित्रीकरणापूर्वी किमान निम्मी रक्कम आणि बिलानंतर ३० दिवसांत बाकीची. आपण ही मागणी कोटेशनमध्येच लिहावी, नंतर नको.

नोंदणीच्या अर्जातील इतर अटींकडेही लक्ष द्यावे. गेल्या तीन वर्षांची अमुक उलाढाल, अमुक रकमेचा विमा, अशा अटी सर्वांना सारख्या लागू असतात आणि म्हणूनच निष्पक्ष वाटतात; पण त्या बहुधा मोठ्या कारखान्यांच्या पुरवठादारांसाठी लिहिलेल्या असतात आणि दोन दिवसांच्या संकलनाच्या कामालाही तशाच चिकटवल्या जातात. कामाच्या आकारानुसार त्या शिथिल कराव्यात, अशी विनंती लेखी करता येते. ती मान्य झाल्याचे मी पाहिले आहे, कारण बऱ्याच वेळा ती यापूर्वी कोणी केलेलीच नसते.

आणि एक इशारा : एखादे मोठे प्रॉडक्शन हाउस 'बिल तुमच्या नावाने काढू, काम आम्ही करू, तुम्हाला टक्केवारी देऊ' असा प्रस्ताव घेऊन आले तर ठाम नकार द्यावा. त्यात आपले प्रमाणपत्र जाऊ शकते, शिवाय काम आपल्या नावावर असूनही आपल्या गाठीला अनुभव काहीच जमा होत नाही.

प्रश्न : मी कॉपीरायटर आहे. पिचच्या, म्हणजे नवा क्लायंट मिळवण्यासाठीच्या सादरीकरणात मला आवर्जून पुढे बसवतात. काम मिळाल्यावर त्या अकाउंटवर, म्हणजे त्या क्लायंटच्या कामावर, मी नसतो. बाकी वेळी, मी ज्या समाजातून आलो त्या समाजासाठीच्या मोहिमाच माझ्याकडे येतात. तक्रार केली तर कृतघ्न ठरेन का?

उत्तर : ठरणार नाही. तुमच्या चेहऱ्याने काम मिळवायचे आणि लेखणी दुसऱ्याची वापरायची, हे तुमच्यावर जितके अन्यायाचे आहे तितकेच क्लायंटची दिशाभूल करणारेही आहे.

समाजविशिष्ट कामाचा प्रश्न जुना आहे. शिकागोचे टॉम बरेल १९६१ मध्ये एका जाहिरात संस्थेच्या टपालखोलीत कामाला लागले, तेथून कॉपीरायटर झाले आणि १९७१ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. काळे अमेरिकन म्हणजे केवळ सावळ्या त्वचेचे गोरे नव्हेत, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यांनी त्यावर मोठा व्यवसाय उभारला. त्यांच्याही आधी, १९५६ मध्ये, त्याच शहरात व्हिन्स कलर्स यांनी कृष्णवर्णीय मालकीची संस्था सुरू केली होती. या मंडळींनी आपली जाण हे कौशल्य म्हणून बाजारात मांडले. पण त्याच कौशल्याचे पुढे कुंपण झाले : अशा संस्थांना अंदाजपत्रकातला 'विशेष समाजांसाठी' असा वेगळा, लहान हिस्सा मिळत राहिला आणि मुख्य मोहीम दुसरीकडेच राहिली. म्हणून तुमचे ते काम सोडू नका. मात्र ते करताना निर्णयाचा अधिकार आणि श्रेयनामावलीत नाव मागा, आणि त्याबरोबर सर्वसाधारण ग्राहकांसाठीचे एक अकाउंट मागा. ते वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर उद्दिष्ट म्हणून लिहून घ्या. तोंडी आश्वासन पुढच्या पिचपर्यंतच टिकते.

पिचविषयी क्लायंटनेच पाऊल उचलणे अधिक परिणामकारक ठरते. सादरीकरणात बसलेल्यांची नावे आणि त्या अकाउंटवर ते देणार असलेले तास करारातील कामाच्या व्याप्तीत लिहिले गेले, तर दाखवायला माणसे नेण्याची सवय मोडते. तुमच्या संस्थेतील अकाउंट प्रमुखाला हे सुचवता आले तर अवश्य सुचवा.

प्रश्न : माझी छोटी संस्था आहे. आम्ही गुणवत्ता पाहून माणसे घेतो, बहुतेक ओळखीतून, आणि काम चांगले चालले आहे. शिवाय अमेरिकेत वैविध्याचे हे सारे कार्यक्रम मागे घेतले जात असल्याचे वाचतो. मग आता याच्या मागे का लागावे?

उत्तर : अमेरिकेत बदल झाले आहेत, हे खरे. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर कठोर मर्यादा घातली. २०२४ मध्ये एका अपील न्यायालयाने केवळ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उद्योगांसाठी राखलेली अनुदान योजना १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा भंग करणारी असण्याची शक्यता आहे, असे म्हणून थांबवली. जानेवारी २०२५ मध्ये, सरकारी कंत्राटदारांना सकारात्मक कृतीची (वंचित गटांना संधी मिळावी म्हणून ठोस पावले उचलण्याची) सक्ती करणारा १९६५ चा आदेश रद्द झाला. पण हे एका देशाचे चित्र आहे. दक्षिण आफ्रिकेत २००३ च्या कायद्यानुसार मालकी, व्यवस्थापन, कौशल्यविकास आणि पुरवठादार यांवर उद्योगांना गुण दिले जातात आणि जाहिरात क्षेत्रासाठी २०१६ पासून स्वतंत्र गुणपत्रक आहे. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात राखीव जागांना मुभा नाही, पण दोन उमेदवार सारखेच पात्र असतील तर कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटातील उमेदवार निवडता येतो. आपल्या देशातील नियम वकिलाकडून समजून घ्यावेत. दार सर्वांसाठी उघडे ठेवणे, जागेची जाहीर सूचना देणे, सर्वांना एकच कसोटी लावणे, यांना अमेरिकेतल्या या निर्णयांनी कुठेही मनाई केलेली नाही.

आणि आपल्या पत्रातील 'गुणवत्ता' आणि 'ओळखीतून' हे दोन शब्द एकाच वाक्यात आले आहेत, तिकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ओळखीतून येणारा उमेदवार गुणी असू शकतो; पण ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा गुणी उमेदवार आपल्याला दिसलेलाच नसतो, म्हणून आपण सर्वोत्तम निवडला की जवळचा निवडला हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. बिनपगारी इंटर्नशिपचेही तसेच आहे : ज्याला घरून पैसे मिळतात तोच ती करू शकतो, आणि पुढे अनुभवी म्हणून त्यालाच नोकरी मिळते.

लहान संस्थेला मोठा विभाग उभारण्याची गरज नाही. पुढची जागा निघेल तेव्हा ती जाहीर करावी, इंटर्नला पगार द्यावा, आणि अंतिम फेरीतील उमेदवारांना एकच छोटे ब्रीफ (कोणते काम करायचे याची लेखी माहिती) द्यावे, त्याचे मानधनही द्यावे. आलेले काम नावे झाकून आपल्या दोन सहकाऱ्यांना तपासायला द्यावे. गुण कशाला द्यायचे, कल्पनेला किती, भाषेला किती, ब्रीफ समजण्याला किती, हे ब्रीफ पाठवण्यापूर्वीच एका कागदावर लिहून ठेवावे, कारण काम समोर आल्यावर लिहिलेल्या कसोट्या आवडलेल्या कामाच्या मापाच्या होतात. दोघांचे गुण जिथे फार वेगळे पडतील तिथे त्यांना कारण विचारावे, आणि नावे त्यानंतरच उघडावीत.